पोइयाकची २०१६ची रेड ब्लेंड नोव्हेंबरपर्यंत पार्ल्याच्या फ्लॅटमध्ये कशी टिकवावी, आणि कशी उघडावी?

पार्ले_पूर्व

नमस्कार मंडळी. चुलतभावाने पॅरिसहून शातो लिंच-बाजची (फ्रान्समध्ये बोर्दो भागातल्या पोइयाक गावची वाइन इस्टेट) २०१६ची एक बाटली आणली आहे, ७५० मिली. ब्लेंड आहे, म्हणजे अनेक जातींच्या द्राक्षांची रेड वाइन. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सासऱ्यांची एकसष्टी आहे, तेव्हा घरच्या जेवणात ती उघडायची आहे. माणसं आठ, त्यातली तिघं शाकाहारी. आता एप्रिल संपत आलाय, म्हणजे मे, अख्खा पावसाळा आणि ऑक्टोबरचा उकाडा असे सगळे महिने तिला काढायचे आहेत.

घर दुसऱ्या मजल्यावर आहे, पश्चिमेचं ऊन येतं. एसी फक्त बेडरूममध्ये, तोही रात्री. फ्रिज नेहमीचा, डबल डोअर, फ्रॉस्ट फ्री. वाइनचा वेगळा फ्रिज नाही, पण गरज असेल तर घेण्याची तयारी आहे.

प्रश्न असे: १) तोवर बाटली कुठे ठेवावी? घरच्या फ्रिजमध्ये बूच सुकतं म्हणतात, ते खरं का? २) उघडल्यावर किती वेळ हवेवर ठेवायची? डिकँटर (वाइन ओतून हवेवर ठेवायचं भांडं) नाही, काचेचा जग आहे. ३) आठ जणांना एक बाटली पुरणार नाही, तेव्हा सोबत आपल्याकडची कोणती ब्लेंड ठेवावी? ४) जेवणात मटण असणार. मालवणी करावं की दुसरं काही?

बाटली महागाची आहे आणि दुसरी मिळायची नाही, म्हणून सविस्तर सांगितलंत तर बरं होईल.

---

द्राक्षवेल

साठवणुकीबद्दल लिहितो. बाकीचं इतर जाणकार सांगतीलच.

आधी बाटली नीट तपासून घ्या. उजेडात उभी धरून मानेतली पातळी बघा. २०१६च्या बाटलीत वाइन मानेतच असायला हवी; खांद्यापर्यंत उतरली असेल तर बुचातून गळती झाली आहे. मग वरच्या पत्र्याच्या टोपीवरून बोट फिरवा. मधोमध उंचवटा लागला, म्हणजे बूच वर सरकलंय, तर बाटलीला कुठेतरी ऊन लागलं आहे. टोपीच्या कडेला चिकट, काळपट ओघळ दिसला तर तेच. यातलं काही आढळलं तर नोव्हेंबरची वाट न बघता लवकर उघडा, कारण अशी बाटली राखून ठेवण्यात हशील नाही.

सगळं ठीक असेल तर तुमच्या परिस्थितीत उत्तर सोपं आहे: घरचा फ्रिज. बूच सुकतं हे खोटं नाही. फ्रॉस्ट फ्री फ्रिजमधली हवा कोरडी असते आणि तिथे वर्षानुवर्षं ठेवलेल्या बाटलीचं बूच आकसतं. पण सात महिन्यांत, बाटली आडवी असेल तर, बुचाची आतली बाजू वाइनने ओली राहते आणि धोका फार थोडा. उलट मुंबईतल्या मे महिन्यात कपाटात ३२-३३ अंशांवर ठेवलेली बाटली त्याच काळात हमखास बिघडते. तापमान दहा अंशांनी वाढलं की बाटलीतल्या रासायनिक क्रिया ढोबळमानाने दुपटीने वेगात होतात. म्हणजे तळघरातल्या १२ अंशांच्या तुलनेत तुमच्या कपाटात ती चौपट वेगाने म्हातारी होणार. नुसती लवकर पिकली असती तर चाललं असतं, पण तीस अंशांच्या वर ताज्या फळाचा वास जाऊन शिजवलेल्या जॅमचा वास येतो आणि तो पुन्हा कशानेही जात नाही.

बेडरूमचा पर्याय अनेकांना बरा वाटतो. तो सगळ्यात वाईट आहे. रात्री २४, दुपारी ३३, असं रोज होणार. दहा अंशांच्या फरकाने ७५० मिली वाइन साधारण दोन मिलीने फुगते. मानेतली मोकळी जागा जेमतेम काही मिलीची असते, त्यामुळे रोज दुपारी बुचावर आतून दाब येतो आणि रात्री वाइन आकसली की बाहेरची हवा आत ओढली जाते. हे सात महिने चाललं तर बूच टिकणार नाही.

फ्रिजमध्ये ठेवताना: तापमान सगळ्यात कमी गारव्यावर आणा, म्हणजे ७-८ अंश मिळतील (दूध त्या मानाने लवकर संपवा). जागा खालच्या फळीवर, मागच्या भिंतीला न चिकटवता. फ्रीझरची थंड हवा जिथून सुटते त्या झरोक्यासमोर तर अजिबात नको. तेरा-साडेतेरा टक्क्यांची वाइन उणे पाच-सहा अंशांना गोठते. त्या झरोक्यासमोर एवढी थंडी सहसा पोचत नाही, पण थर्मोस्टॅट अडकला तर पोचते. दारातल्या कप्प्यात नको, कारण दर वेळी दार उघडलं की हिसका आणि गरम हवा.

लेबलसकट बाटलीला क्लिंग फिल्मचे दोन घट्ट वेढे द्या, वरून वर्तमानपत्र आणि मग जाड पिशवी. फिल्ममुळे लेबल ओलं होत नाही, कागदामुळे उजेड लागत नाही. फ्रिजमध्ये बोंबील, लसूण, हिंगाचं काही उघडं ठेवू नका. बुचातून वास आत जायला वेळ लागतो, पण बुचाच्या वरच्या टोकाला तो बसतो आणि उघडताना त्रास देतो.

इतक्या गारव्यात बुचाला किंवा तळाला बारीक चमकदार खडे दिसू शकतात. ते टार्टारिक आम्लाचे क्षार आहेत, निरुपद्रवी.

वाइनचा फ्रिज एका बाटलीसाठी घेऊ नका. पुढेही बाटल्या जमवणार असाल तर घ्या, पण कंप्रेसरवाला. बाजारात आठ-बारा बाटल्यांचे जे स्वस्त, आवाज न करणारे फ्रिज मिळतात ते बहुतेक थर्मोइलेक्ट्रिक, म्हणजे कंप्रेसर नसलेले, असतात. ते बाहेरच्या तापमानाहून पंधरा-वीस अंशच खाली जाऊ शकतात, आणि मागची हवा अडली तर तेवढंही नाही. खोली ३५ असली की पडद्यावर १२ लिहिलेलं असतं आणि आत १८-२० असतं. शिवाय पंखा चोवीस तास फिरतो, त्यात मुंबईची धूळ बसून दीड-दोन वर्षांत मोटर ढेपाळते. कंप्रेसरवाल्यालाही मागे चार बोटं जागा सोडा आणि ओट्याजवळ ठेवू नका.

---

बॅरल_२२५

वरचं सगळं बरोबर. मी बाटलीत काय आहे आणि सोबत काय ठेवावं, त्यावर लिहितो. हे कळलं की उघडण्याचं गणित आपोआप सुटतं.

पोइयाक हे बोर्दोत जिरोंद खाडीच्या डाव्या काठावरचं गाव. जमीन गोट्याखडीची, पाणी झटकन खाली जातं, आणि दिवसभर तापलेले गोटे रात्री ऊब देतात. कॅबर्ने सोव्हिन्यों उशिरा पिकणारं द्राक्ष, त्याला हेच लागतं. बोर्दोतल्या इस्टेटींची प्रतवारी लावणाऱ्या १८५५च्या वर्गीकरणातल्या आजच्या पाच पहिल्या श्रेणीच्या इस्टेटींपैकी तीन याच गावात आहेत: लाफीत, लातूर आणि मूतों. (मूतोंला ती श्रेणी १९७३ साली मिळाली.) लिंच-बाज त्याच यादीत पाचव्या श्रेणीत आहे, पण ती १८५५ची यादी आहे; आज व्यापारी आणि पिणारे तिला तिच्या श्रेणीच्या पुष्कळ वर ठेवतात आणि किंमतही तशीच असते.

लेबलवर एक गोष्ट बघून घ्या. याच इस्टेटीची दुसऱ्या फळीची वाइन ‘एको द लिंच-बाज’ नावाने येते, आणि भेट देणारे पुष्कळदा तीच घेऊन येतात. वाईट नाही, उलट चांगली असते, पण ती तरुणपणी प्यायची. २०१६ची एको असेल तर तिला जास्त हवा देऊ नका, जगात ओतून अर्धा तास पुरे.

मुख्य वाइन असेल तर तिच्यात दोन तृतीयांशाहून जास्त कॅबर्ने सोव्हिन्यों, मग मर्लो, आणि थोडं कॅबर्ने फ्रां व पती व्हर्दो. प्रत्येक द्राक्ष वेगळं तोडतात, वेगळं आंबवतात. कॅबर्नेची साल जाड आणि गराच्या मानाने बियांचं प्रमाण जास्त, त्यातून टॅनिन येतं, म्हणजे हिरडी कोरडी करणारा तुरटपणा, आणि बाटलीला वीस-तीस वर्षं जगवणारा कणाही. पण नुसती कॅबर्ने तोंडात सुरुवातीला आणि शेवटाला जाणवते, मध्ये पोकळ राहते. ती पोकळी मर्लो भरते. कॅबर्ने फ्रां सुगंधासाठी. पती व्हर्दो दोन-चार टक्केच, रंग आणि मसालेदारपणासाठी. जास्त झालं तर बाकी सगळ्यांना दाबून टाकतं. तोडणीनंतरच्या हिवाळ्यात मोजपात्रांत शंभर-शंभर मिलीचे नमुने वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून, चाखून, अंतिम मिश्रण ठरतं. मग फ्रेंच ओकच्या २२५ लिटरच्या पिंपांत साधारण दीड वर्ष. जी पिंपं मुख्य मिश्रणात बसत नाहीत त्यांचीच दुसऱ्या फळीची वाइन होते. दर्जेदार इस्टेटीच्या किमतीतला मोठा वाटा या वगळण्याचा असतो.

२०१६ साली बोर्दोत वसंत ओला गेला, जुलै-ऑगस्ट कोरडे, आणि सप्टेंबरात वेळेवर पाऊस. त्यामुळे टॅनिन भरपूर, पण आम्लताही शाबूत. अशी वाइन दहाव्या वर्षी नुकती उघडायला लागते. याचा अर्थ तुमच्या बाटलीत गाळ फारसा नसणार, पण तुरटपणा दणदणीत असणार. तिला हवा लागेल.

आता आपल्याकडच्या ब्लेंड. आपल्या वेलीला युरोपातल्यासारखी हिवाळी झोप मिळत नाही, म्हणून वर्षातून दोन छाटण्या: एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिच्यातून काडी तयार होते; सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, तिच्यातून घड. तोडणी जानेवारी ते मार्च. नाशिककडे जानेवारीच्या रात्री चांगल्या थंड असतात, तोवर आम्लता टिकते; मार्चात ऊन वाढलं की साखर धावत सुटते, आम्लता कोसळते आणि टॅनिन मात्र कच्चंच राहतं. कॅबर्ने उशिराची असल्याने तिला हा फटका जास्त बसतो. म्हणून आपल्याकडे कॅबर्नेसोबत मर्लोपेक्षा शिराझ जास्त जुळते, ती या उन्हात नीट पिकते आणि कॅबर्नेचा हिरवा, सिमला मिरचीसारखा वास झाकते.

तुमच्या जेवणासाठी दोन नावं: फ्रातेल्लीची ‘सेत्ते’ आणि ग्रोव्हर झाम्पाची ‘ला रिझर्व्ह’. सेत्ते सोलापूर जिल्ह्यात अकलूजची, सांजोव्हेझे आणि कॅबर्ने सोव्हिन्यों. इटालियन घडणीची, आम्लता चांगली, त्यामुळे आपल्या जेवणासोबत जास्त चालते. ला रिझर्व्ह बंगळुरूजवळच्या नंदी हिल्सची, कॅबर्ने आणि शिराझ, जास्त गुबगुबीत. मी दोन बाटल्या सेत्तेच्या घेईन. ‘रिझर्व्ह’ या शब्दाला आपल्याकडे कायद्याने बांधलेला अर्थ नाही, त्यामुळे तो लेबलवर आहे म्हणून जास्त पैसे मोजू नका. द्राक्षं कोणती आणि साल कोणतं ते बघा.

दुकानातून घेताना काचेजवळच्या फळीवरची, ट्यूबलाइटखाली उभी ठेवलेली बाटली घेऊ नका. रात्री दुकानाचा एसी बंद असतो आणि ती तिथे किती महिने उभी आहे ते कोणालाच ठाऊक नसतं. आतली, खोक्यातली मागा. देत नसतील तर दुसरं दुकान.

पाजण्याचा क्रम: पाठ्यपुस्तक सांगतं की हलकी आधी, भारी नंतर. तुमच्याकडे मी उलट करीन. जीभ ताजी असताना, तिखट पोटात जाण्याआधी, पहिल्या पदार्थाबरोबर लिंच-बाज. मग पुढच्या जेवणभर सेत्ते.

---

सर्व्हिस_टेबल

उघडण्याबद्दल. २०१६ची पोइयाक म्हटल्यावर तीन तास डिकँट, त्याशिवाय तोंड उघडत नाही.

उघडायला दोन टप्प्यांचा वेटर कॉर्कस्क्रू घ्या (घडीचा, बाटलीच्या काठावर टेकवायला दोन खाचा असलेला). या दर्जाच्या इस्टेटी लांब बूच वापरतात, पन्नास मिलिमीटरच्या आसपास. पंखवाल्या स्वस्त ओपनरचा स्क्रू आखूड आणि जाड असतो, तो बुचाला मधोमध भोक पाडतो आणि खालचा अर्धा भाग आतच राहतो. टोपी बाटलीच्या तोंडाजवळच्या जाड काठाच्या खालून कापा, वरून कापली तर ओतताना वाइन कापलेल्या पत्र्याला लागून खाली येते. तोंड ओल्या फडक्याने पुसा. स्क्रूचं टोक मध्याच्या किंचित बाजूला टेकवा म्हणजे वेटोळं फिरत मधोमध जातं. सरळ आत, एक वेढा बाहेर शिल्लक ठेवून थांबा. पहिला टप्पा ओढा, बूच अर्धं आलं की दुसरा. शेवटचा अर्धा सेंटिमीटर हाताने, बूच मुठीत धरून हळू डोलवत.

तुटलंच तर घाबरू नका. उरलेल्या तुकड्यात स्क्रू तिरका घालून बाटलीच्या भिंतीकडे दाबत वर ओढा. तेही जमलं नाही तर आत ढकला आणि धुतलेल्या मलमलीतून जगात गाळा. कागदी कॉफी फिल्टर वापरायचा असेल तर आधी गरम पाण्याने धुवा, नाहीतर कागदाची चव लागते.

---

द्राक्षवेल

तीन तास या सल्ल्याला माझा मुंबईपुरता विरोध आहे. १८ अंशांच्या जेवणघरात तीन तास ठीक. पार्ल्यात नोव्हेंबरच्या संध्याकाळीही खोली २८-२९ असते. रुंद बुडाच्या जगात वाइनचा थर पातळ, ती तासाभरात २४-२५ला पोचते. त्या तापमानाला अल्कोहोल नाकात पहिलं घुसतं, फळ मागे पडतं आणि टॅनिन कडू लागतं. मग लोक म्हणतात, एवढी महाग आणि नुसती जळजळीत.

---

सर्व्हिस_टेबल

मान्य, खोलीच्या तापमानाचा मुद्दा लिहायला हवा होता. मग डबल डिकँट करा, ते तुमच्या घरासाठी जास्त सोयीचं आहे. वाइन जगात ओतायची, तासभर एसीच्या खोलीत ठेवायची, मग धुतलेल्या मूळ बाटलीत परत भरायची आणि बाटली गार करायची. ओतण्याच्या दोन खेपांतच पुष्कळ हवा लागते. आणि बाटली बर्फाच्या पाण्यात बसते, जग बसत नाही.

जेवण साडेआठला धरून सांगतो. आदल्या संध्याकाळी बाटली फ्रिजमध्येच उभी करा, असेल तो गाळ तळाशी बसेल. उभी राहत नसेल तर निदान तोंडाकडची बाजू उंच ठेवून तिरकी. साडेसहाला काढा, न हलवता उघडा, वीस मिली पेल्यात घेऊन वास घ्या आणि चाखा. ८ अंशांवर ती गप्पच असेल, यावेळी फक्त दोष आहे का ते बघायचं. मग बाटली मानेत धरून एका धारेने जगात. खालून मोबाइलची टॉर्च मानेवर, आणि गाळाची रेघ मानेत दिसली की थांबा. तीस-चाळीस मिली मागे राहील, राहू दे. जग बेडरूममध्ये, एसी २४ वर, वर पातळ मलमल (नोव्हेंबरात चिलटं येतातच). बाटली साध्या पाण्याने दोन-तीनदा विसळून उपडी करा.

साडेसातला चाखा. तुरटपणाखाली काळ्या फळाचा, देवदाराच्या लाकडाचा, किंचित तंबाखूच्या पानाचा वास आला असेल तर नरसाळ्याने बाटलीत परत. अजून बंद वाटली तर आणखी पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नको. मग बादलीत अर्धं बर्फ, अर्धं पाणी. नुसत्या बर्फात बाटलीला हवेच्या पोकळ्या लागतात आणि ती गार व्हायला दुप्पट वेळ घेते. सहा-सात मिनिटांत ती १६च्या आसपास येते. स्वयंपाकाचा प्रोब थर्मामीटर असेल तर तो घाला, अंदाजापेक्षा बरा. १६ला पेल्यात गेली की पाच मिनिटांत १८ होते, हवं तेच.

आठ जणांना प्रत्येकी ८५ मिली म्हणजे ६८० मिली. चाखलेली आणि गाळाची वजा जाता हिशोब बरोबर बसतो. मेजरिंग कपाने एका पेल्यात ८५ मिली पाणी ओतून पातळी आधी बघून ठेवा, नाहीतर पहिल्या पाच जणांतच बाटली संपते.

---

वांद्रे_गावठाण

पेले आणि जगाबद्दल एक सांगते, कारण इथे बहुतेक घरांत गोंधळ होतो. शोकेसमधले पेले तसेच काढून वापरू नका. कपाटात डांबराच्या गोळ्या असतील तर काचेला त्यांचा वास धरतो, आणि पावसाळ्यात उपडे ठेवलेल्या पेल्यांत कोंदट वास अडकून बसतो. आदल्या दिवशी गरम पाण्याने धुवा, साबण वापरलाच तर थेंबभर आणि खूप विसळून, आणि वास नसलेल्या सुती फडक्याने पुसा. मग रिकाम्या पेल्यात नाक घालून बघा. जग काचेचाच हवा. तांब्या-पितळेच्या भांड्यात वाइन चुकूनही ओतू नका, आम्लाने धातू उतरतो. स्टीलने चव बिघडत नाही, पण आतला गाळ दिसत नाही.

आता जेवण. मालवणी मटण या वाइनबरोबर करू नका. तिखट आणि टॅनिन एकमेकांना पेटवतात, साडेतेरा टक्के अल्कोहोलने मिरची आणखी जळते, आणि एवढ्या नाजूक वासांचं काही उरत नाही. आमच्याकडचा बॉटल मसालाही नको, त्यात मिरची भरपूर. टॅनिनला हवंय प्रथिन, चरबी आणि मीठ. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं म्हणून तोंड कोरडं पडतं. समोर मटण असेल तर त्याला धरायला दुसरं काही मिळतं आणि वाइन एकदम मऊ लागते.

म्हणून पहिला पदार्थ पांढरा रस्सा आणि त्यातलंच मटण. हाडासकट मटणाचा स्टॉक, नारळाचं दूध, काजू, खसखस, तीळ, खडा मसाला, आणि हिरवी मिरची अर्ध्यावर आणा, त्याऐवजी पांढरी मिरी. किलोभर मटणाला नारळाचं घट्ट दूध दोन वाट्यांपेक्षा जास्त नको, नाहीतर गोडसर होतो आणि गोडासमोर वाइन कडू लागते. दूध घातल्यावर उकळी येऊ देऊ नका, फाटतं. लवंग-दालचिनी असू दे, ओकमध्ये मुरलेल्या वाइनमध्ये तोच वास असतो, ते छान जुळतं. तांबडा रस्सा, सुकं, हवं ते तिखट सगळं नंतर सेत्तेबरोबर.

शाकाहारी मंडळींना काजूची उसळ, ओल्या नारळात, तिखट बेताचं. आणि निखाऱ्यावर किंवा गॅसवर भाजलेल्या वांग्याचं भरीत, वर कच्चा कांदा न घालता. त्या धुराचा वास कॅबर्नेला धरून राहतो. कोकम, चिंच, टोमॅटो पहिल्या पदार्थात ठेवू नका, आंबटासमोर वाइन पाणचट होते. मासे तर नकोच. रेड वाइनमधलं लोह आणि माशातलं तेल एकत्र आलं की तोंडात गंजल्यासारखी, उग्र चव राहते, आणि सुरमईसारख्या तेलकट माशाबरोबर ती जास्तच. श्रीखंड, पुरणपोळी वाइन संपल्यावर.

नोव्हेंबरचा शेवट आहे, मार्गशीर्ष कधी लागतो ते पंचांगात बघून वार ठरवा. ऐनवेळी निम्मी पंगत शाकाहारी निघायला नको.

---

पार्ले_पूर्व

सगळ्यांचे मनापासून आभार. लेबल पाहिलं, मुख्य वाइन आहे, एको नाही. पातळी मानेत आहे, टोपी सपाट आहे. आजच गुंडाळून खालच्या फळीवर आडवी ठेवतो.

दोन शंका. साडेसहाला चाखताना दोष आहे हे कशावरून ओळखायचं? आणि सेत्तेची बाटली उघडून अर्धी उरली तर?

---

बॅरल_२२५

भिजून वाळलेल्या पुठ्ठ्याचा, कोंदट वास आला आणि फळ अजिबात नसलं तर बुचाचा दोष, टीसीए. तो हवेने जात नाही, उलट तासाभरात वाढतो. गारव्यात तो लपतो, म्हणून शंका आली तर पेला दोन्ही तळव्यांत धरून दहा मिनिटं कोमट करा आणि पुन्हा वास घ्या. नेलपॉलिश काढायच्या द्रावणाचा वास म्हणजे उडणारं आम्ल वाढलंय. थोडं असेल तर चालतं, डोळ्यांत झोंबलं तर नाही. रंग कडेला तपकिरी आणि वास मनुकांचा-जॅमचा असेल तर बाटली तापलेली आहे.

काडेपेटीच्या काडीचा किंवा उकडलेल्या अंड्याचा वास आला तर मात्र ती फेकू नका. हवा न मिळाल्याने असं होतं, जगात ओतून गोल फिरवलं की पंधरा-वीस मिनिटांत जातो. चांगल्या बाटल्या लोक इथेच मोरीत ओततात. तबेल्याचा किंवा चामड्याचा मंद वास बोर्दोत थोडासा येऊ शकतो, जोवर फळ त्याच्या वर आहे तोवर दोष धरू नका.

या सगळ्यासाठी साडेसहाची वेळ बरी आहे: बाटली खरोखरच टीसीएची निघाली तर सेत्ते गार करून पहिल्या पदार्थाला आणायला दोन तास हाताशी असतात. सेत्तेही १६ अंशांवरच द्या, तिला पंधरा-वीस मिनिटं हवा पुरते.

उरलेली सेत्ते मोठ्या बाटलीत अर्धी ठेवू नका, वरची हवा तिला रात्रीत खाते. सोड्याची स्वच्छ धुतलेली, वास गेलेली ३०० मिलीची काचेची बाटली घ्या, काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा, फ्रिजमध्ये ठेवा. दोन-तीन दिवस नीट राहते. पिण्याआधी अर्धा तास बाहेर काढा. त्यानंतर उरली तर ती मटणाच्या मॅरिनेशनला वापरा, किलोला १०० मिली, रात्रभर, आणि त्यात दही घालू नका.

---

द्राक्षवेल

एकच जोडतो. जुलै-ऑगस्टमध्ये लाइट तीन-चार तास गेली तर फ्रिज उघडू नका, बाटलीला काही होत नाही. फ्रिज दुरुस्तीला गेला किंवा दिवसभर बंद राहणार असेल तर बाटली थर्मोकोलच्या खोक्यात, सोबत जेल पॅक, पण पॅक आणि बाटलीमध्ये टॉवेलची घडी. थेट चिकटवलेल्या पॅकने एक बाजू फार गार आणि दुसरी गरम राहते. दर सहा-आठ तासांनी पॅक बदला. शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये जागा असेल तर ते जास्त सोपं.